डॉक्टर लुसी विल्सबाई व रक्तातील उणीव

हसनाबाद व भोकरदन तालुक्यातील इतर गावी ज्या भगिनी गरोदर असतात, त्यांस आशाताई किंवा सरकारी परिचारिका लहानशी तांबडी गोळी देत असते. कोणी ती नेमाने घेते, कोणी उतरंडीत ठेवून विसरते, कोणी तिच्याने पोटात मळमळते म्हणून उकिरड्यावर टाकून देते. या गोळीत दोन पदार्थ आहेत. एक लोह व दुसरे फॉलिक आम्ल. यांपैकी दुसऱ्या पदार्थाचा माग ज्या बाईने प्रथम लावला, तिने तो विलायतेत नव्हे, तर आपल्या मुंबईत, परळ येथे, गिरणीकामगारांच्या व गरीब मुसलमान घराण्यांतील स्त्रियांची सेवा करीत असता लावला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या बाईंचे नाव डॉक्टर लुसी विल्स. त्यांचे चरित्र आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस उपयोगी पडेल, म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. त्यांच्या घराण्याचा कारखाना होता व त्यात विळे, कोयते वगैरे धारेची हत्यारे तयार होत. वडील विज्ञानाचे पदवीधर असून आई एका डॉक्टराची कन्या होती. त्यामुळे झाडे, दगड, प्राणी यांचे निरीक्षण करण्याची गोडी मुलांस घरीच लागली. १९०३ साली लुसीस चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित विद्यालयात घातले. तेथून १९०७ साली ती केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजात गेली व वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली तिने आपला अभ्यासक्रम पुरा केला. परीक्षेत तिला पहिला वर्ग मिळाला नाही. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेस बसू देई, परंतु पदवी देत नसे. तो अन्याय १९४८ साली दूर झाला. अर्थात ज्या बाईंच्या शोधाने पुढे असंख्य मातांचे प्राण वाचले, त्या अभ्यास पुरा करूनही केंब्रिजहून पदवीवाचून परत आल्या.

यानंतरची दोन-तीन वर्षे दुःखाची गेली. १९११ साली वडील वारले. १९१३ साली वडील बहीण ईडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवर्तली. त्याच वर्षी लुसीबाई आईबरोबर सिलोनास जाऊन आल्या व १९१४ साली भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेल्या. आता आयुष्यात काय करावे, हे त्यांचे निश्चित झाले नव्हते. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. केप टाऊन येथे काही आठवडे त्यांनी जखमी व आजारी माणसांची शुश्रूषा केली. या थोड्या दिवसांच्या सेवेने त्यांच्या मनाचा कल ठरला. इंग्लंडास परत येऊन त्यांनी जानेवारी १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. स्त्रियांस डॉक्टरकी शिकविण्यासाठी १८७४ साली निघालेले हे तेच विद्यालय, जेथे आपल्या मुंबईच्या डॉक्टर रखमाबाई त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे शिकून आल्या होत्या. १९२० साली विल्सबाई डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. इतक्या उशिरा नवा मार्ग धरणाऱ्या माणसास लोक हसतात, परंतु बाईंनी त्याची पर्वा केली नाही.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात राहून गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात काय काय फेरफार होतात, याचा अभ्यास करण्यात व विद्यार्थिनींस शिकविण्यात त्यांनी पुढील वर्षे घालविली. पैसा थोडा, नावलौकिक त्याहून थोडा. परंतु हेच शिक्षण पुढे हिंदुस्थानात उपयोगी पडावयाचे होते.

त्यांच्या कामाचे महत्त्व कळण्यास रक्त म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. डोळ्यांस रक्त हे तांबडे पाणी दिसते. पण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले असता ते पिवळसर द्रवात तरंगणाऱ्या अगणित पेशींचे बनलेले आहे, असे आढळते. हॉलंड देशातील लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः भिंगे घासून १६७४ साली या तांबड्या पेशींचे वर्णन लिहिले. खसखशीच्या एक-दोन दाण्यांएवढ्या रक्ताच्या थेंबात निरोगी माणसाच्या सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्यांच्या पोटी लोहयुक्त रंगद्रव्य असते. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो सर्व शरीरास पोहोचविणे, हे त्यांचे काम. तेवढ्याच रक्तात चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत पांढऱ्या पेशी असतात. त्या रोगजंतूंशी झुंजतात. काही पांढऱ्या पेशी जंतूंस प्रत्यक्ष गिळून टाकतात, हे रशियातील शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले. याखेरीज दीड ते साडेचार लाख बारीक चकत्या असतात. जखम झाली की त्या एकमेकींस चिकटून रक्ताचा प्रवाह थांबवितात. हे काम इटलीतील बिझ्झोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास ओळखले.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते व मग मोडते. म्हणून हाडांच्या पोटी असलेल्या मगजात रात्रंदिवस नव्या पेशी तयार होत असतात. दर सेकंदास सुमारे वीस लाख, इतका हा कारखाना वेगाने चालतो. कारखान्यास कच्चा माल लागतो व तो आपल्या ताटातून येतो. माल कमी पडला की पेशी कमी पडतात. मग माणूस फिकट दिसू लागतो, चार पावले चालताच धाप लागते, पायांवर सूज येते, अन्न नकोसे होते. यालाच आपले जुने वैद्य पांडुरोग म्हणत आले. स्त्री गरोदर असते तेव्हा तर तिच्या मगजास स्वतःसाठी व बाळासाठी अधिक काम पडते, आणि ताट मात्र पूर्वीचेच, कित्येक घरी सर्वांच्या मागून उरलेले, असते.

आता मुंबईकडे वळू. डॉक्टर मार्गारेट बाल्फोर नावाच्या स्कॉटिश बाई १८९२ पासून हिंदुस्थानात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत होत्या. बाळंतपणी स्त्रिया का मरतात, याची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनतर्फे चालली होती आणि बाल्फोरबाई त्या कामात होत्या. मुंबईत गरोदर स्त्रियांस एक भयंकर पांडुरोग होतो व त्यात पुष्कळ जणी दगावतात, हे त्यांस दिसून आले होते. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी विल्सबाईंस बोलाविले. १९२८ साली विल्सबाई मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. ही संस्था वाचकांच्या ऐकिवात असेलच. प्लेगाची लस शोधणारे हाफकिनसाहेब यांनी १८९९ साली परळच्या जुन्या सरकारी वाड्यात ती स्थापिली व १९२५ साली तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

विल्सबाईंपुढे कोडे असे होते. लोह कमी पडल्याने जो पांडुरोग होतो, त्यात तांबड्या पेशी लहान व फिक्या दिसतात. या मुंबईच्या रोगिणींच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फारच थोड्या. तशा मोठ्या पेशी एका दुसऱ्या घातक पांडुरोगातही दिसत. त्या रोगावर कच्चे किंवा अर्धवट शिजविलेले काळीज भरपूर खाऊ घातल्यास गुण येतो, हे अमेरिकेतील मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी १९२६ साली दाखविले होते. तर मग मुंबईचा रोग तोच की निराळा? तो जंतूंमुळे होतो की अन्नामुळे? की घरातील अंधार व कोंदट हवा यांमुळे?

बाईंनी प्रयोगशाळेत बसून तर्क केला नाही. त्यांनी गरीब स्त्रियांच्या राहणीची पाहणी केली. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या वर्गांतील स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची बारकाईने नोंद घेतली व ती १९३० साली प्रसिद्ध केली. रोगिणींच्या आतड्यांत कोणते जंतू आहेत, तेही तपासले. हळूहळू एक गोष्ट स्पष्ट झाली. हा रोग सर्वांत अधिक ज्या स्त्रियांस होई, त्या अगदी गरीब मुसलमान घरांतील होत्या. त्यांच्या आहारात भाजीपाला, फळे, दूध, मांस ही जवळजवळ नसतच. सधन घरच्या, त्याच धर्माच्या स्त्रियांस हा रोग क्वचितच गाठी. यावरून दोष जातीचा नव्हे, धर्माचा नव्हे, दैवाचाही नव्हे, तर रोजच्या ताटाचा आहे, असे बाईंचे मत बनत चालले.

परंतु मत बनणे निराळे व ते सिद्ध करणे निराळे. ताटात नेमके काय कमी आहे? त्या आहारात अ व क ही जीवनसत्त्वे कमी होती, म्हणून आधी त्यांच्याकडे लक्ष गेले. पण ती देऊन रोग हटेना. तेव्हा बाईंनी पांढरे उंदीर पाळून त्यांस गरीब स्त्रियांचेच अन्न खाऊ घातले. उंदरांस पांडुरोग झाला व गाभण माद्या विण्यापूर्वीच मरू लागल्या. त्या अन्नात यीस्ट घातले की रोग टळे. यीस्ट म्हणजे पाव फुगविणारे खमीर. आपल्या वाचकांस खमीर या शब्दाची ओळख आहेच. कोडे सुटले, असे कोणासही वाटले असते. पण पुढे तपासात असे आढळले की उंदरांच्या अंगावरील उवांवाटे एक जंतू त्यांच्या रक्तात शिरत होता व त्यांच्या पांडुरोगात त्या जंतूचाही हात होता. म्हणजे उंदरांवरून स्त्रियांविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरले.

येथे विल्सबाईंच्या स्वभावाची परीक्षा झाली. ज्यावर इतके श्रम घेतले तो पुरावा डळमळीत झाला असता माणूस एक तर निराश होतो, नाही तर उणीव झाकून ठेवतो. बाईंनी दोन्ही केले नाही. ती गोष्ट त्यांनी उघडपणे लिहून ठेविली व उंदीर सोडून माकडांवर नव्याने प्रयोग आरंभिले. माकडांस तोच निकृष्ट आहार दिला असता त्यांच्या रक्तात स्त्रियांप्रमाणेच मोठ्या पेशींचा पांडुरोग उत्पन्न झाला. मार्माइट म्हणून एक पदार्थ इंग्लंडात १९०२ पासून तयार होत असे. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेला तो काळा, दाट, खारट अर्क गरीब लोक पावास लावून खात. तो स्वस्त होता. मरणाच्या वाटेवर असलेल्या एका माकडास तो अर्क चारला असता ते आश्चर्यकारक रीतीने सुधारले.

मग बाईंनी तोच अर्क रोगी स्त्रियांस दिला. ज्यांस घास गिळवत नव्हता त्यांस तीन-चार दिवसांत भूक लागू लागली. रक्त तपासले असता कोवळ्या, नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशींचा लोंढा आलेला दिसला. म्हणजे मगजाचा बंद पडत आलेला कारखाना पुन्हा चालू झाला होता. पुढील आठवड्यांत पेशींची संख्या वाढत गेली व ज्यांची आशा सोडली होती अशा स्त्रिया घरी परतल्या. हा वृत्तान्त विल्सबाईंनी १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रात प्रसिद्ध केला. काळजाचा अर्क महाग, तर यीस्टचा अर्क स्वस्त. गरिबांच्या रोगावर गरिबांस परवडेल असे औषध मिळाले, हा त्यातील विशेष होता.

यीस्टमध्ये असा कोणता पदार्थ आहे, हे मात्र अद्याप कोणासच ठाऊक नव्हते. १९२८ ते १९३३ या काळात विल्सबाईंनी मुंबईखेरीज कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये व मद्रासच्या स्त्रियांच्या इस्पितळातही काम केले. १९३३ साली त्या लंडनास परत गेल्या. तेथेही माकडांवरील प्रयोग चालू ठेवून १९३७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. काळजाचा साधा, जाडाभरडा अर्क मुंबईच्या पांडुरोगावर चालतो; पण तोच अर्क फार शुद्ध केला की तो दुसऱ्या घातक पांडुरोगावर चालतो, मुंबईच्या रोगावर चालत नाही. याचा अर्थ असा की हे दोन रोग दिसण्यात सारखे असले तरी त्यांत उणीव निरनिराळ्या पदार्थांची आहे. या अज्ञात पदार्थास शास्त्रज्ञ विल्स घटक असे म्हणू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई विमानाने पाच दिवसांचा प्रवास करून पुन्हा हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या व सुमारे दहा आठवडे राहून १९३८ च्या जानेवारीपर्यंत काम करून गेल्या.

विल्स घटकाचे खरे स्वरूप कळण्यास आणखी काही वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या भाजीपासून एक पदार्थ अत्यल्प प्रमाणात वेगळा केला व पानास लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव दिले. तोच पदार्थ १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला. त्या कार्यकर्त्यांचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. मुंबईच्या माउलींच्या रोगाने आरंभ झालेल्या या शोधाची सांगता एका हिंदी शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झाली, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. दुसऱ्या घातक पांडुरोगाचा पदार्थ १९४८ साली सापडला. तो बी बारा हे जीवनसत्त्व होय. विल्सबाईंनी ओळखलेला भेद असा खरा ठरला.

फॉलिक आम्ल शरीरात काय करते, हे एका दृष्टान्ताने सांगतो. दोन भावांनी शेत वाटून घ्यावयाचे ठरविले, तर मूळ कागदाची दुसरी प्रत करावी लागते. प्रत तयार झाल्याखेरीज वाटणी होत नाही. त्याचप्रमाणे एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्या पोटी असलेल्या जीवनाच्या आराखड्याची प्रत व्हावी लागते. फॉलिक आम्ल हे त्या प्रतीस लागणाऱ्या शाईसारखे आहे. शाई नसली की पेशी वाढते, फुगते, परंतु दोन होऊ शकत नाही. म्हणूनच विल्सबाईंस पेशी मोठ्या व थोड्या दिसल्या. जेथे पेशी भराभर वाढतात तेथे ही उणीव आधी जाणवते. म्हणून ती मगजात जाणवते व आईच्या उदरातील बाळातही जाणवते.

या ज्ञानाचा उपयोग उलट बाजूनेही झाला. मुलांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अनावर वाढतात, त्या रोगास रक्ताचा कर्करोग म्हणतात. पूर्वी त्यावर काही उपाय नव्हता. बोस्टनचे डॉक्टर फार्बर यांनी अशा मुलांस फॉलिक आम्ल दिले असता रोग बळावला. तेव्हा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक आम्लास अडविणारी औषधे तयार केली व ती दिल्यावर काही मुलांचा रोग काही काळ ओसरला. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. आज या रोगावर जे उपचार होतात, त्यांत याच कुळातील औषध अजून वापरले जाते.

दुसऱ्या महायुद्धात विल्सबाई रॉयल फ्री इस्पितळातच होत्या. जुलै १९४४ मध्ये शत्रूचा उडता बाँब त्या इस्पितळावर पडला व कित्येक माणसे मेली. काही दिवस कामात खंड पडला. युद्धकाळच्या शिधावाटपात गरोदर स्त्रियांच्या रक्ताची स्थिती कशी राहते व त्यांस नित्य लोह दिल्याने काय फरक पडतो, हे त्यांनी तपासून १९४७ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्या सेवानिवृत्त झाल्या. त्या इस्पितळात रक्तरोगांचा पहिला विभाग त्यांनीच उभारला होता. निवृत्तीनंतरही त्या जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या देशी जाऊन गरिबांच्या अन्नाचे व पांडुरोगाचे निरीक्षण करीत राहिल्या. अखेरची सुमारे दहा वर्षे त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे नगरसभेच्या सभासद होत्या.

विल्सबाईंनी लग्न केले नाही. डोंगरात पायी हिंडणे व बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत जाणे त्यांस फार आवडे. कामावर त्या मोटारीने न जाता सायकलीने जात. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षास थोडे दिवस कमी असता, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शोधाचे आणखी एक फळ पदरी पडले. काही मुले पाठीच्या कण्यात फट घेऊन किंवा कवटी अपुरी राहून जन्मास येतात. ज्या मातांस पूर्वी असे मूल झाले होते, त्यांस गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास पुन्हा तसे मूल होण्याचा धोका शेकडा ७२ ने कमी होतो, असे १९९१ साली एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. बाळाचा कणा गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटतो. तोपर्यंत पुष्कळ स्त्रियांस आपण गरोदर आहो, हेही कळलेले नसते. म्हणून ही काळजी आधीपासून घ्यावयाची असते.

आता आपल्या घराकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ व गरोदर स्त्रियांपैकी शेकडा ५२ जणींस रक्तक्षय असल्याचे आढळले. विल्सबाई मुंबईस आल्या त्यास नव्वदांहून अधिक वर्षे लोटल्यावरची ही स्थिती आहे. औषध सापडले, ते फुकट घरपोच येते, आणि तरीही रोग घरातच आहे. मग उणीव आता कोठे आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.

सरकारी योजनेप्रमाणे गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत केवळ फॉलिक आम्लाची गोळी व चौथ्या महिन्यापासून रोज एक तांबडी गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. तिने शौचास काळे होते, क्वचित मळमळ होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ होत असल्यास जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्यावी. गोळीने बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अडते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. ती निराधार आहे. गोळीबरोबर चहा घेऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेले अन्न चांगले. गरोदर स्त्रीच्या रक्तातील रंगद्रव्याचे मान ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय, व ७ पेक्षा कमी असेल तर घरी बसू नये, तत्काळ इस्पितळ गाठावे.

ताटाविषयी सांगावयाचे तर विल्सबाईंनी ज्या पदार्थाचा माग काढला तो आपल्या शेताच्या बांधावर आहे. पालक, मेथी, तांदुळजा, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, तसेच हरभरा, मूग, मटकी, चवळी, तूर, भुईमुगाच्या शेंगा, अंडी व काळीज यांत तो असतो. परंतु तो पाण्यात विरघळतो व फार उष्णतेने नासतो. यास्तव भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, थोड्या पाण्यात थोडा वेळच शिजवावी व तिचे पाणी फेकू नये. आणि भाजी कितीही उत्तम असली तरी घरच्या सुनेच्या वाट्यास ती सर्वांच्या मागून, भांड्यास चिकटलेली तेवढी येत असेल, तर तिच्या मगजास काय मिळणार?

आमच्या गावोगावच्या उपदेशक बंधूंस व त्यांच्या पत्नींस एवढेच सुचवितो की, हा लेख बायांच्या बैठकीत सावकाश वाचून दाखवावा. कोणत्या घरी गरोदर भगिनी आहे, तिची रक्ततपासणी झाली आहे काय, गोळ्यांची पुडी उतरंडीत पडून आहे की तिच्या पोटात जात आहे, हे प्रेमाने विचारावे. तिच्या सासूशी व नवऱ्याशीही बोलावे, कारण तिचे ताट बहुधा त्यांच्या हाती असते. परळच्या प्रयोगशाळेत विल्सबाईंनी जे काम आरंभिले, त्याचा अखेरचा भाग आपल्या चुलीपाशी अपुरा राहिला आहे. तो पुरा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही.